ट्रकच्या मागे कार बांधून नेता येते का?

संसार दुसऱ्या राज्यात हलवायचा ठरला की ट्रकवाल्याशी भाड्याची बोलणी सुरू होतात आणि थोड्याच वेळात घरातलं कोणीतरी विचारतं, "ट्रक जातोच आहे, तर आमची कारही मागे बांधून नेता येईल का?" ट्रकवाला हसतो आणि विषय बदलतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगात काही देशांत लोक रोज हेच करतात, आणि आपल्याकडेही बंद पडलेली गाडी दोराने ओढत नेलेली प्रत्येकाने पाहिलेली असते. मग बाराशे किलोमीटर का नाही?

उत्तर शोधायला एक काल्पनिक कुटुंब घेऊ. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात नोकरीची वर्षं काढून हे कुटुंब आता झाशी जिल्ह्यातल्या आपल्या मूळ गावी, एरचला, कायमचं परत निघालं आहे. दोन खोल्यांचं सामान आणि एक वॅगनआर. एरच हे बेतवेच्या काठचं फार जुनं गाव. ब्राह्मी लेख असलेल्या विटा आणि प्राचीन नाणी तिथे सापडली आहेत. हिरण्यकश्यपूची राजधानी इथेच होती आणि होलिका इथेच जळाली, असं स्थानिक लोक सांगतात. मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. जवळच्या गुरसरायला खेर या मराठी घराण्याची जहागीर होती. पुण्याहून अंतर साधारण साडेअकराशे किलोमीटर.

१. अमेरिकेतला भाचा हे कसं करतो?

न्यू जर्सीतून टेक्सासला नोकरी बदलून जाणारं मराठी कुटुंब बहुधा ट्रक भाड्याने घेतं आणि स्वतःच चालवतं. तिकडे हा मोठा धंदा आहे. यू-हॉल ही त्यातली सर्वांत ओळखीची कंपनी १९४५ मध्ये सॅम आणि अ‍ॅना शोएन या जोडप्याने सुरू केली. सुरुवात ट्रेलर भाड्याने देण्यापासून झाली, ट्रक नंतर आले. आज सव्वीस फुटी ट्रकसुद्धा कार चालवण्याच्या साध्या परवान्यावर मिळतो आणि दुसऱ्या गावी पोचल्यावर तिथल्याच शाखेत परत करता येतो.

अशा ट्रकच्या मागे कार नेण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, दांडा जोडून कार चारही चाकांवर ओढणं. दुसरा, पुढची दोन चाकं एका छोट्या दुचाकी गाड्यावर चढवायची आणि मागची दोन रस्त्यावर फिरू द्यायची. याला टो डॉली म्हणतात. तिसरा, अख्खी कार चारही चाकांसह ट्रेलरवर चढवायची. तिसरा सर्वांत सुरक्षित. यू-हॉल आपल्या ट्रेलरसाठी ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा घालून देते.

२. मागचं ओझं शेपटासारखं का डोलतं?

ओढण्यातला खरा धोका वजनाचा नसून वजन कुठे आहे याचा असतो. बैलगाडी भरणाऱ्याला हे न शिकवता कळतं. पोती मागे जास्त झाली की गाडी उलळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठू लागतं आणि बैलांचा गाडीवरचा ताबा जातो. पुढे थोडं जास्त ठेवलं तर मानेवर भार येतो, पण गाडी मागोमाग सरळ येते.

ट्रेलरचं गणित हेच आहे. ट्रक आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या सांध्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या निदान दहा टक्के भार खाली दाबलेला असावा लागतो, आणि त्यासाठी साधारण साठ टक्के ओझं ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात ठेवतात. रिकामा कार-ट्रेलर एक हजार किलोचा आणि वॅगनआर ८५० किलोची धरली तर एकूण १,८५० किलो झाले. म्हणजे सांध्यावर निदान १८५ किलो यायला हवेत. कारचं इंजिन पुढे असतं, त्यामुळे कार सरळ तोंडाने चढवली की हे आपोआप जमतं. तीच उलटी चढवली की इंजिन मागे जातं आणि सांधा हलका होतो. अशा वेळी शेजारून भरधाव बस गेली किंवा आडवा वारा आला की ट्रेलरचं बूड एका बाजूला सरकतं, परत येताना मध्यावर न थांबता पलीकडे जातं, आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. चालकाने घाबरून ब्रेक दाबला तर काम बिघडतंच. पाय हळूच काढून वेग आपणहून उतरू देणं हाच उपाय.

थांबण्याचा प्रश्न वेगळा. पुढे ट्रक मंदावतो, पण मागच्या १,८५० किलोंना ते कोण सांगणार? म्हणून चांगल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. ट्रक मंदावला की ट्रेलर पुढे रेटला जातो, त्या रेट्याने सांध्यातला दट्ट्या दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. ना विजेची तार लागते, ना चालकाला काही करावं लागतं. दोराने बांधलेल्या गाडीत यातलं काहीच नसतं. तिथे मागच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या पायावर सगळं अवलंबून.

३. इंजिन बंद, चाकं चालू

चाकं रस्त्यावर ठेवून कार ओढली तर कारच्या पोटात काय होतं, हे गाडीच्या जातीवर अवलंबून आहे.

साधे गिअर असलेली, पुढच्या चाकांना ताकद देणारी कार असेल तर पुढची चाकं उचलून ओढणं चालतं, कारण मागची चाकं नुसती फिरणारी असतात. ऑटोमॅटिक गिअरची गोष्ट वेगळी. त्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून ताकदीची चाकं फिरवत राहिलात तर आतले दाते आणि चकत्या कोरड्या घासतात. गॅरेजपर्यंत हळूहळू नेणं एक वेळ निभावेल. शेकडो किलोमीटर नेलं तर गिअरबॉक्स नवा घ्यावा लागेल. विजेवरच्या कारची चाकं मोटरला जोडलेलीच असतात. चाक फिरलं की मोटर फिरते आणि वीज तयार होऊ लागते, जी जायला नीट जागा नसते. म्हणून अशी गाडी चारही चाकं उचलूनच न्यावी, असं कंपन्या पुस्तिकेत लिहितात.

दोराने ओढताना मागच्या गाडीत बसणाऱ्यासाठी आणखी दोन गोष्टी. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी जोड एक-दोन दाबांत संपते आणि नंतर पेडल दगडासारखं घट्ट लागतं. स्टिअरिंगही जड होतं. किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंगला कुलूप बसतं, आणि मग वळणावर पुढचा ट्रक वळतो, मागची गाडी सरळ जाते.

४. आपला कायदा

भारतात १९८९ च्या रस्ते नियमावलीने ओढण्याबद्दल स्पष्ट सांगितलं होतं. बिघडलेलं किंवा अर्धवट जोडणीचं वाहन, नोंदणी केलेला ट्रेलर आणि साइडकार यांखेरीज काहीही दुसऱ्या वाहनाने ओढायचं नाही. अपवाद जवळच्या गॅरेज किंवा पेट्रोलपंपापर्यंत नेण्याचा. ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक माणूस हवा, नाहीतर तिची स्टिअरिंगची चाकं जमिनीपासून पक्की उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. मागच्या गाडीवर निदान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'ऑन टो' असा फलक हवा. आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. २०१७ मध्ये या नियमावलीची जागा नव्या विनियमांनी घेतली, तरी ओढणं हे अडलेल्या गाडीसाठी आहे, प्रवासासाठी नाही, हा त्यामागचा विचार बदललेला नाही.

म्हणजे आपल्या कुटुंबाची धडधाकट वॅगनआर ट्रकमागे बांधून एरचला नेणं मुळातच नियमात बसत नाही. आणि समजा गाडी बिघडलेली आहे आणि कोणी ती ओढतच न्यायची म्हटली, तर ताशी २४ च्या वेगाने साडेअकराशे किलोमीटरला ४८ तास लागतील. रोज दहा तास चालवलं तरी पाचव्या दिवसापर्यंत घर येणार नाही, आणि तेवढा वेळ एक माणूस मागच्या गाडीत, ट्रकचा धूर खात, डोळे त्याच्या मागच्या दिव्यांवर ठेवून बसलेला असेल.

आता राहिला ट्रेलर. नोंदणी केलेला ट्रेलर कायद्याला चालतो, मग अमेरिकेसारखं का करता येत नाही? कारण आपल्याकडे ट्रक चालकासकट भाड्याने मिळतो. मालकाची गाडी, मालकाचा चालक, मालकाचं परमिट. मालवाहू ट्रकला कार-ट्रेलर जोडण्याचा सांधा नसतो, एका गावातून घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याच्या ट्रेलरचं जाळंही नाही. मला यात काही उणीव वाटत नाही. आपल्या महामार्गांवर उलट दिशेने येणारे ट्रॅक्टर आणि गतिरोधकांची अचानक येणारी रांग पाहता, नवशिक्याने सव्वीस फुटी ट्रकमागे डुलणारा ट्रेलर घेऊन निघू नये हेच बरं.

५. मग गाडी एरचला जाते कशी?

चार मार्ग आहेत, आणि त्यातला रेल्वेचा चटकन बाजूला करता येतो. मोटारसायकल रेल्वेच्या पार्सल डब्यातून जाते: टाकी रिकामी करायची, नोंदणी पुस्तकाची प्रत द्यायची, गाडी गोणपाटात बांधायची. कारसाठी खास वॅगन आहेत, पण त्या कारखान्यांच्या नव्या गाड्या घाऊक नेण्यासाठी. एकट्या माणसाच्या एका कारचं तिथे काम नाही. झाशी एवढं मोठं जंक्शन, कानपूरच्या लोहमार्गावर एरच रोड नावाचं स्टेशनही आहे, पण या कामात त्यांचा उपयोग शून्य.

दुसरा मार्ग कार वाहून नेणाऱ्या बंद ट्रेलरचा. त्यात एका वेळी सहा-आठ गाड्या दोन मजल्यांवर बसतात. गाडीला सर्वांत कमी धक्के यातच लागतात. मात्र हे ट्रेलर मोठ्या शहरांदरम्यान धावतात, आणि गाड्या पुरेशा जमल्याशिवाय निघत नाहीत. "दहा दिवसांत पोचेल" यातले काही दिवस गाडी बहुतेक वेळा कुठल्यातरी गोदामाच्या आवारात उभी असते. एरचच्या दारात असा ट्रेलर येणार नाही. झाशीला, किंवा त्याहून दूरच्या शहराला, जाऊन गाडी ताब्यात घ्यावी लागेल. बुकिंग करताना उतरवण्याची जागा कोणती, हे लिहून घ्या.

तिसरा मार्ग सर्वांत सरळ: कोणीतरी चालवत न्यायची. नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर, देवास, गुना, शिवपुरी, झाशी आणि मग कानपूरच्या रस्त्याने मोठ या गावापर्यंत जाऊन एरच. दोन मुक्काम केले तर निवांत. खर्चाचा हिशेब पाहा. लिटरला १८ किलोमीटर धरले तर ६४ लिटर पेट्रोल. लिटर शंभर रुपयांना धरलं तर ६,४०० रुपये, वर टोल आणि लॉज. वाहतूक कंपनीचा आकडा याच्या शेजारी लिहून पाहिला की पुष्कळांचा निर्णय तिथेच होतो. गाडी सुस्थितीत असेल आणि घरात चालवणारं माणूस असेल, तर हाच मार्ग उत्तम. चालक नेमायचा असेल तर ओळखीचा नेमा.

चौथा मार्ग म्हणजे कार त्याच ट्रकमध्ये, सामानाबरोबर. 'मागे बांधून' या कल्पनेचं हे भारतीय रूप. ओढायची नाही, पोटात घ्यायची. याबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण चुका इथेच होतात.

६. हौद्यात कार

आधी मापं. एकोणीस फुटी ट्रकचा हौदा साधारण ५७९ सेंटिमीटर लांब आणि सात फूट, म्हणजे २१३ सेंटिमीटर, रुंद. वॅगनआर ३६६ सेंटिमीटर लांब आणि आरसे सोडून १६२ सेंटिमीटर रुंद. लांबीत २१३ सेंटिमीटर उरले. त्यातले साठ पट्टे आणि मधल्या फळीसाठी सोडा. राहिले दीडशेच्या आसपास, म्हणजे पाच फूट. पाच फूट लांब, सात फूट रुंद आणि सात फूट उंच रचलं तर २४५ घनफूट. कपाट ५२, फ्रिज २२, वॉशिंग मशीन १२, सुटा केलेला पलंग ३०: झाले ११६. उरलेल्या १२९ घनफुटांत दीड फुटी खोकी कागदावर अडतीस बसतात. प्रत्यक्षात पंचवीस बसली तर नशीब. शिवाय गाद्या आहेत, आणि कुंड्या सोडवत नाहीत असं म्हणणारं प्रत्येक घरात कोणीतरी असतंच. म्हणून दोन खोल्यांना बावीस फुटी सांगावा.

जड सामान केबिनच्या बाजूला, मग जाड प्लायवूडची आडवी भिंत, मग कार. कार शेवटी चढते म्हणजे पोचल्यावर पहिली उतरते. मधली भिंत वाचवायला जाऊ नका. घाटात निसटलेलं कपाट बॉनेटवर येऊन बसलं तर भिंतीचे वाचवलेले पैसे पत्रा ठोकण्यात जातात.

चढवायचं कसं? हौद्याची पातळी जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटर वर असते. तीन मीटरची फळी लावली तर चढ २१ अंशांहून जास्त होतो. पाच मीटरची लावली तर तेरा अंशांच्या आत. तीव्र चढाला अडचण इंजिनाची नसते. पुढचा बंपर फळीला आधी टेकतो, आणि चाकं वर पोचली की गाडीचं पोट हौद्याच्या कडेवर घासतं. हे टाळायला जुने चालक फळ्यांच्या भानगडीत पडतच नाहीत. ते ट्रक उलटा घेऊन एखाद्या मालधक्क्याला किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या उंचवट्याला लावतात, फाळका खाली पाडतात आणि दोन जाड फळ्यांच्या पुलावरून गाडी जवळजवळ सपाट आत घेतात. फाळक्यावर थेट चाक आणू नका. त्याच्या बिजागऱ्या पोती पेलायला असतात, ८५० किलोंचं चाकांवरचं ओझं पेलायला नव्हे.

गाडी आत गेली. आता बाहेर कसं यायचं? दोन्ही बाजूंना २५-२५ सेंटिमीटर उरले आहेत. दार तेवढंच उघडतं आणि त्यातून मांजर बाहेर येईल, माणूस नाही. हॅचबॅकमध्ये सोय असते: आरसे आधीच मिटलेले, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला; मागची सीट पाडायची, सरपटत डिकीत यायचं आणि बाहेरच्या माणसाने डिकी उघडायची. सेडानवाल्याला खिडकीतून निघावं लागतं. काच त्यानंतर वर कशी करायची, याचा विचार आत बसण्याआधीच करून ठेवा.

बांधणं सर्वांत महत्त्वाचं. जोराचा ब्रेक लागला तर पुढच्या दिशेला वजनाच्या ऐंशी टक्के जोर येतो असं धरून माल बांधावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. बाजूला आणि मागे पन्नास टक्के. ८५० किलोच्या गाडीला पुढे ६८० किलोंचा जोर. नायलॉनच्या दोरीला हे झेपत नाही आणि ती ताणतेही. लागतात ते रॅचेटचे पट्टे, ज्यांवर क्षमतेचं लेबल शिवलेलं असतं. ते बंपरला किंवा चॅसिसला बांधायचे नाहीत. गाडी स्प्रिंगांवर बसते. खड्ड्यात ती खाली दबली की पट्टा सैल होतो, वर आली की हिसका बसतो, आणि शंभर-दीडशे खड्ड्यांत आकडा निसटतो. पट्टा टायरवरून घेऊन हौद्याच्या तळाशी असलेल्या कड्यांना आवळायचा, चारही चाकांना. चाक स्प्रिंगांच्या खाली असतं, ते दबत नाही. मग प्रत्येक चाकाच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे तळाला खिळ्यांनी ठोकायचे. नुसता दगड ठेवणाऱ्या क्लीनरला थांबवा.

निघाल्यावर पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये पट्टे बसतात आणि थोडे सैल होतात. त्यामुळे राजगुरुनगरच्या आसपास चहाला थांबाल तेव्हा ते पुन्हा आवळायला सांगा. पुढे बिजासन घाट आणि इंदूरच्या अलीकडचा गणपती घाट आहेत. हे दोन्ही घाट उत्तरेकडून उतरताना ब्रेक तापून झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत. आपला ट्रक तिथे चढणीला असतो, म्हणजे ब्रेकवर ताण कमी, पण समोरून उतरणाऱ्यांपासून सांभाळणं आलंच. चढणीत ओझं मागच्या फळीकडे लोटलं जातं. मागच्या बाजूचे ठोकळे तिथे कामाला येतात.

निघण्याआधीच्या चार बारीक गोष्टी. टाकीत पाव भागाहून जास्त पेट्रोल ठेवू नका. घरगुती गॅसचा सिलिंडर ट्रकमध्ये किंवा कारमध्ये अजिबात नको. जोडणी परत करून बदलीचा कागद घ्या. कारची डिकी सामानाने भरू नका, विम्याच्या वेळी तो वाद होतो. आणि काचेवरचा फास्टॅग झाका किंवा काढा. उघड्या हौद्यातून किंवा ट्रेलरवरून जाणाऱ्या कारचा फास्टॅगही टोलनाक्याची यंत्रं कधीकधी वाचतात, आणि गाडी ट्रकच्या पाठीवर बसून जात असताना टोल तुमच्या खात्यातून कापला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या स्वयंपाकातल्या कागदात गुंडाळला तरी पुरतं.

७. कागद

फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट आधी. खासगी कारचा सर्वंकष विमा असेल, तर रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने वाहून नेताना गाडीला झालेलं नुकसानही प्रमाणित पॉलिसीत मोडतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर नाही. वाहतूकदार वेगळा 'ट्रान्झिट विमा' विकू लागला तर पैसे देण्याआधी आपली पॉलिसी उघडून वाचा, आणि घेतलाच तर विमा कंपनीच्या नावाची खरी पॉलिसी मागा. वाहतूकदाराच्या पावतीवर 'इन्शुरन्स' असं लिहून लावलेली रक्कम म्हणजे विमा नव्हे.

दुसरी गोष्ट बिल्टीची, म्हणजे वाहतूकदार माल घेताना देतो त्या पावतीची. मालवाहतूकदारांची जबाबदारी आज २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्यात आहे. त्याआधी १८६५ चा कायदा चालायचा. नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. जास्त हवी असेल तर मालाची किंमत आधी लिहून जाहीर करावी लागते आणि त्याचं जादा शुल्क भरावं लागतं. भाडं वीस हजार असेल तर मर्यादा दोन लाख. गाडी साडेचार लाखांची असेल तर फरक कळेल. म्हणून बिल्टीवर गाडीचा क्रमांक, किलोमीटरचा आकडा, आधीचे ओरखडे आणि जाहीर किंमत हे चारही हवेत. 'घरसामान, एक कार' एवढंच लिहिलेल्या बिल्टीवर पुढे काही मागता येत नाही.

तिसरी गोष्ट नोंदणीची. एमएच पाटी भारतभर चालते. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो, असं मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम सांगतं. त्यासाठी पुण्याच्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, अर्ज नमुना २८ मध्ये. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती जोडा. झाशीला पोचल्यावर नमुना २७ भरून यूपी-९३ क्रमांक घ्यायचा, उत्तर प्रदेशचा कर भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा भाग परत मागायचा. हा दाखला निघण्याआधीच काढून ठेवा. एरचला बसून पुण्याच्या कार्यालयातून तो काढणं म्हणजे पुन्हा पुण्याची वारी. २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच मालिकेची पाटी ज्यांच्याकडे आहे त्यांना यातलं काही लागत नाही, मात्र ती सरकारी नोकर आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनाच मिळते. निवृत्त माणसाच्या वॅगनआरला तिचा उपयोग नाही.

८. पोचल्यावर

एरचच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत बावीस फुटी ट्रक शिरायला पाहील तेव्हा वीजतारा आणि छज्जे दोन्ही आडवे येतील. सामान उतरवायची मोकळी जागा आणि गाडीसाठी मातीचा उंचवटा आदल्या दिवशीच कोणाला तरी पाहून ठेवायला सांगा. खेड्यात अशी जागा शोधणं सोपं असतं, कारण ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं चढवायला लोकांनी ती आधीच करून ठेवलेली असते. अंधार पडल्यावर ट्रक आला तर कार सकाळपर्यंत हौद्यातच राहू द्या.

हमाल घाई करतील, चालकाला परतीचा माल गाठायचा असेल, चहा थंड होत असेल. तरीही पट्टे सुटल्यावर आणि सही करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा, पुढच्या बंपरची खालची कड हाताने चाचपा, किलोमीटरचा आकडा बिल्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. नुकसान दिसलं तर ते पोच-पावतीवरच लिहा आणि मग सही करा. कायद्याने वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यायला माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवस मिळतात. ते गाडी पोचल्याच्या दिवसापासून मोजू नका.